औषध देणाऱ्याची सनद

रोग्याच्या जिवाची जबाबदारी वैद्यावर असते असे आपण म्हणतो, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु वैद्याने कागदावर लिहिलेले औषध रोग्याच्या पोटात जाईपर्यंत मध्ये आणखी एक हात असतो, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो हात कोणाचा असावा, त्याला काय येत असावे, आणि त्याला ते येते ही ग्वाही कोणी द्यावी, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी तो सोडविण्यास इंग्लंडासारख्या देशाला शतकाचा बराचसा भाग लागला. आपल्या देशात तो १९४८ साली कायद्याने सुटला असे म्हणतात. तो कितपत सुटला हे पाहण्याचा येथे आमचा विचार आहे.

आमच्या पिढीला कंपाउंडर हा गृहस्थ चांगला आठवतो. दवाखान्याच्या लाकडी खिडकीआड तो उभा असे. रोग्याने घरून आणलेली बाटली विसळून घ्यायची, मोठ्या बरण्यांतून लाल किंवा पिवळे मिक्स्चर मापाने ओतायचे, वर पाणी घालायचे, बूच दाबायचे आणि बाटलीच्या अंगाला दाते कापलेली कागदाची पट्टी चिकटवून एकेका दात्यागणिक एकेक डोस सांगायचा, हा त्याचा नित्याचा उद्योग. खलबत्त्यात गोळ्या कुटून तो पुड्या बांधी, आणि त्या इतक्या सारख्या वजनाच्या बांधी की तराजूची गरज पडू नये. हे तो कोठे शिकला होता? बहुधा त्याच खिडकीआड, आधीच्या कंपाउंडरच्या हाताखाली. अशा माणसांचे पुढे काय करावयाचे, हाच आपल्या कायद्यापुढील मुख्य पेच होता.

हा पेच आपलाच होता असे मात्र नव्हे. इंग्लंडात १८४१ साली जेकब बेल प्रभृतींनी फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन केली आणि १८५२ साली पहिला कायदा झाला. पण त्या कायद्याने संरक्षण मिळाले ते नावाला, कामाला नव्हे. नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःस ‘फार्मास्युटिकल केमिस्ट’ म्हणवून घेऊ नये, एवढेच त्यात होते. औषधे आणि विषे विकावयास कोणाला मज्जाव नव्हता. १८५८ साली ब्रॅडफर्ड शहरात जे घडले ते या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मिठाई करणाऱ्या एका कारागिराने साखरेत भेसळ करण्यासाठी निरुपद्रवी पांढरी पूड आणावयास माणूस पाठविला. औषधांच्या दुकानाचा मालक त्या दिवशी आजारी होता. त्याच्या मदतनिसाने भलत्याच पिंपातून सुमारे १२ पौंड सोमल मोजून दिला. त्या वड्या बाजारात विकल्या गेल्या, वीसेक माणसे दगावली आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली. मालक अज्ञानी होता असे नाही. तो जागेवर नव्हता, एवढेच. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा उपयोगी पडणार आहे. १८६८ सालच्या कायद्याने विषांची विक्री नोंदलेल्या माणसांपुरती मर्यादित केली. परंतु जे आधीपासून स्वतःचे दुकान चालवीत होते त्यांना परीक्षेवाचून नोंदवहीत घेतले. इंग्रज हा असा व्यवहारी प्राणी आहे. नव्यांसाठी परीक्षा आणि जुन्यांसाठी वहिवाट, ही तडजोड त्याने केली व पुढे आपणही तीच उचलली.

आपल्याकडे या गोष्टीला चालना मिळाली ती क्विनीनमुळे. हिवतापाने पोखरलेल्या या देशात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात क्विनीनच्या नावाखाली भलतेच पदार्थ खपत असल्याची ओरड वाढली. १९२७ साली पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांच्या बेबंद वापराला आणि विक्रीला आळा घालण्यासंबंधी ठराव मांडला. त्यातून १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली आणि १९३१ साली तिचा अहवाल आला. समितीपुढे मूळ प्रश्न औषधांच्या शुद्धतेचा होता, पण तिने नेमके ओळखले की शुद्ध औषध अशुद्ध हातात दिल्याने काही साधत नाही. म्हणून औषधांच्या नियंत्रणाबरोबरच औषध देणाऱ्यांचे शिक्षण, त्यांची नोंदवही आणि त्यावर देखरेख करणारी मध्यवर्ती व प्रांतिक मंडळे यांचीही तिने शिफारस केली. सरकारने अहवालाला तत्काळ हात घातला नाही. औषधांचा कायदा १९४० साली झाला, आणि औषध देणाऱ्या माणसाचा कायदा त्यानंतर आठ वर्षांनी. वस्तूची काळजी आधी आणि माणसाची मागाहून, हा क्रम सरकारी कारभारात नवा नाही.

मधल्या काळात शिक्षणाची बाजू एका माणसाने उचलून धरली. महादेव लाल श्रॉफ हे अमेरिकेत शिकून आलेले. परंतु शिकलेले रसायन, औषधनिर्माण नव्हे. पंडित मदनमोहन मालवीयांच्या आश्रयाने बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ साली त्यांनी औषधी रसायनाचे अध्यापन सुरू केले आणि १९३७ पासून बी. फार्म. या पदवीचा अभ्यासक्रम चालू झाला. हिंदुस्थानातील या विषयाच्या उच्च शिक्षणाचे मूळ ते हेच. ज्यांनी आपल्याकडे या व्यवसायाची घडी बसविली त्यांतील चोप्रा केंब्रिजला शिकलेले आणि श्रॉफ अमेरिकेत शिकलेले. परदेशी विद्येच्या पायावर देशी सनदेची इमारत उभी राहिली असे म्हणावयास हरकत नाही. मग त्याच सनदेने परदेशी शिकलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे पाहणे मनोरंजक ठरेल.

४ मार्च १९४८ चा फार्मसी ॲक्ट वाचणाऱ्याला प्रथम रुक्ष वाटतो. पण त्यातील एकतिसावे कलम म्हणजे त्या काळच्या औषधव्यवसायाचे एक छायाचित्रच आहे. पहिल्या नोंदवहीत कोणाला घ्यावयाचे? ज्याच्यापाशी फार्मसीची पदवी अथवा पदविका आहे, किंवा परदेशातील एखाद्या संस्थेची ठरवून दिलेली पात्रता आहे, त्याला तर घ्यावयाचेच. शिवाय दुसऱ्याच विषयाची पदवी असून ज्याने तीन वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले आहे त्याला. कंपाउंडरची सरकारमान्य परीक्षा उतरलेल्याला. आणि शेवटी, पदवी नाही, परीक्षा नाही, पण डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून औषधे देणाऱ्या इस्पितळात वा दवाखान्यात ज्याने पाच वर्षे औषधे घोटली आहेत त्यालाही. वय अठरा पूर्ण असले म्हणजे झाले. आमचा तो खिडकीआडचा कंपाउंडर या शेवटच्या दाराने आत आला, आणि केंब्रिजच्या किंवा लंडनच्या कागदाबरोबर एकाच वहीत त्याचे नाव चढले.

या उदारतेवर पदवीधरांनी पुढे पुष्कळ टीका केली. धंद्याचा दर्जा यामुळे खालावला, कंपाउंडर आणि फार्मासिस्ट यांत लोकांना फरक कळेनासा झाला, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्यांश आहे. पण आम्हांस ही टीका एकांगी वाटते. १९४८ साली पदवीधर होते किती? बनारसची पहिली पदवी बाहेर पडून पुरते एक तपही उलटले नव्हते. केवळ पदवीधरांची नोंदवही करावयाची म्हटले असते तर बहुतेक गावांतील औषधांच्या खिडक्या दुसऱ्या दिवशी बंद कराव्या लागल्या असत्या, किंवा कायदा मोडून उघड्या ठेवाव्या लागल्या असत्या. आणि यांपैकी दुसरीच गोष्ट घडली असती हे सांगावयास ज्योतिषी नको. पाच वर्षे रोज चिठ्ठ्या वाचणाऱ्या माणसाला मात्रेची चूक चटकन दिसते, ही गोष्ट विद्यापीठात शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना मान्य करणे जड जात असले तरी खरी आहे.

परदेशी पात्रतेविषयी कायद्याचे चौदावे कलम आहे, आणि त्यात स्वाभिमानाचा एक बारीक काटा आहे. परदेशातील पदवी पुरेशी असल्याची मध्यवर्ती मंडळाची खात्री पटली तर ते तिला मान्यता देऊ शकते. इथवर ठीक. पण पुढे अट अशी की ती पदवी धारण करणारा हिंदी नागरिक नसेल, तर ज्या देशाने ती दिली तेथे तीच पदवी घेतलेल्या हिंदी वंशाच्या माणसाला धंदा करू दिला जातो की नाही हे पाहिले जाईल. देत नसतील तर त्या परक्यालाही येथे मज्जाव. एका हाताने द्यावे तेव्हाच दुसऱ्या हाताने घ्यावे, असा हा देवघेवीचा नियम. तो कोठून आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलाने हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती. येथील डॉक्टरांना तो अपमान झोंबला. त्याच वादातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल ॲक्ट निघाला आणि परस्परमान्यतेचे तत्त्व त्याच्या पोटात शिरले. औषधनिर्मात्यांचा कायदा त्याचेच धाकटे भावंड होय. पारतंत्र्यात खाल्लेली चपराक स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षातील कायद्यात कशी उमटते, याचा हा एक लहानसा पुरावा आम्ही मानतो.

‘परदेश’ म्हणजे केवळ लंडन किंवा न्यूयॉर्क असे मात्र समजू नये. पणजीच्या वैद्यकीय शाळेची स्थापना १८४२ ची. तिच्या आश्रयाने औषधनिर्माणाचेही शिक्षण पोर्तुगीज भाषेत दिले जाई. सावंतवाडीहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे ते ठिकाण, पण १९६१ पर्यंत आपल्या कायद्याच्या हिशेबी ते लिस्बनइतकेच परके होते. सीमा सरकल्या की माणूस जागच्या जागी परदेशी होतो, आणि पुन्हा सरकल्या की स्वदेशी होतो.

असे सरकणे त्या वर्षांत इतके झाले की कायद्याला वारंवार ठिगळे लावावी लागली. १९५९ साली घातलेले बत्तीस-अ हे कलम आम्ही विद्यार्थ्यांना इतिहासाचे साधन म्हणून वाचावयास सांगतो. त्यात पहिला मान फाळणीने विस्थापित झालेल्याचा आहे: लाहोरात किंवा ढाक्यात ज्याचा औषधांचा धंदा होता आणि जो नेसत्या वस्त्रानिशी इकडे आला, त्याने आपली पाच वर्षांची उमेदवारी सिद्ध करावयाची कशी, आणि मुदत संपलेल्या वहीत नाव घालावयाचे कोणी? त्यानंतर परदेशात फार्मसीचा व्यवसाय करीत असलेला हिंदी नागरिक आहे; जो मुलूख मागाहून हिंदुस्थानात सामील झाला त्यातील रहिवासी आहे; आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ज्याचे गाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले तोही आहे. हा शेवटचा प्रकार मराठी वाचकांच्या घरचा आहे. औरंगाबाद आणि नांदेड त्या दिवशी हैद्राबादेतून, तर नागपूर आणि अकोला मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात आली. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, खलबत्ताही तोच. फक्त नोंदवही दुसऱ्या राजधानीत गेली. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने ब्रह्मदेश, श्रीलंका आणि युगांडा येथून दंग्याधोप्यामुळे परतलेल्या हिंदी वंशाच्या लोकांसाठी आणखी एक दार उघडले. या दारांना ‘चोरवाटा’ म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. ज्याची सनद रंगूनच्या आगीत जळाली त्याने ती पुन्हा दाखवावी असा आग्रह धरणे, याला आम्ही शुद्धता म्हणत नाही.

तेव्हा दोष कोणाला आत घेतले यात नव्हता. दोष दुसरीकडे होता, आणि तो बेचाळिसाव्या कलमात होता. सनदेला अर्थ केव्हा येतो? तिच्यावाचून काम करण्यास बंदी असते तेव्हा. नोंदणी नसलेल्या माणसाने चिठ्ठीवरून औषध तयार करू नये, मिसळू नये, देऊ नये. दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, असे हे कलम होते. पण ते लागू कधी व्हावयाचे याची तारीख राज्य सरकारांच्या मर्जीवर सोडली होती. ज्या सरकारांनी तारीख ठरविली नाही तेथे ते कलम कागदावर निजून राहिले. अखेर १९७६ च्या दुरुस्तीने असे ठरविले की राज्यांनी काही केले नाही तरी आठ वर्षांनी ते आपोआप जागे होईल. त्याप्रमाणे १ सप्टेंबर १९८४ रोजी ते देशभर अमलात आले. म्हणजे नोंदवही १९४८ ची, आणि नोंदवहीबाहेरच्या माणसाला सर्वत्र मज्जाव १९८४ चा. मध्ये छत्तीस वर्षे गेली. एवढ्या काळात एक अख्खी पिढी अशी तयार झाली की जिला औषधांचे दुकान म्हणजे किराण्याच्या दुकानाचे जरा स्वच्छ भावंड वाटू लागले.

आणि या छत्तीस वर्षांत दुसरीही एक गोष्ट घडली, जिच्याकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष गेले नसावे. औषध घोटणेच संपले. गोळ्या, कॅप्सुले आणि बाटलीबंद सिरपे कारखान्यांतून तयार होऊन येऊ लागली. खलबत्ता माळ्यावर गेला. दाते कापलेल्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. ज्या कामाचे रक्षण करण्यासाठी सनद निर्माण केली, ते काम सनदेला दात येईपर्यंत बाजारातून नाहीसे झाले होते. जे थोडे उरले होते ते डॉक्टरांच्या दवाखान्यांत, आणि स्वतःच्या रोग्यांना औषध देणाऱ्या डॉक्टराला बेचाळिसावे कलम प्रथमपासूनच सोडून देते. तेव्हा तो खिडकीआडचा कंपाउंडर, नोंदलेला असो वा नसो, डॉक्टरांच्या छत्राखाली आपल्या गतीने अस्तास गेला. कायद्याने त्याला घालविले नाही.

औषधांच्या कायद्याखालील १९४५ च्या नियमांत दुकानांच्या पाट्यांविषयी एक गमतीचा नियम होता. नोंदलेला फार्मासिस्ट नसलेल्या दुकानाने ‘ड्रगस्टोअर’ म्हणवावे. फार्मासिस्ट आहे पण औषधे घोटण्याची सोय नाही त्याने ‘केमिस्ट्स ॲन्ड ड्रगिस्ट्स’. आणि दोन्ही असतील त्यानेच ‘फार्मसी’. जाता जाता सांगावयाचे तर ‘केमिस्ट ॲन्ड ड्रगिस्ट’ हा शब्द इंग्लंडच्या १८६८ च्या कायद्यातून आपल्याकडे आला आणि ‘केमिस्ट’ एवढाच शिल्लक राहून मराठीत रुळला. आज आपल्या रस्त्यांवर ‘मेडिकल’ आहेत, ‘फार्मसी’ आहेत, ‘केमिस्ट’ आहेत. पाटीवरून आत कोण आहे हे ओळखू शकणारा गिऱ्हाईक मात्र आमच्या पाहण्यात नाही. आणि आत कोण आहे हा प्रश्न लहान नाही. भिंतीवर चौकटीत सनद टांगलेली असते. ज्याचे तीवर नाव, तो मात्र नेहमी दुकानात असतोच असे नाही. सनद महिन्याच्या भाड्याने देण्याचा जो व्यवहार आपल्याकडे बोकाळला, त्यावर २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने बडगा उगारला तेव्हा विक्रेत्यांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेविली. ब्रॅडफर्डच्या त्या दुकानाची येथे आठवण होते: मालक जाणता होता, पण पिंपापाशी दुसराच कोणी उभा होता. आताच्या पिंपांवर सोमलाऐवजी प्रतिजैविके असतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात, आणि एका डॉक्टराने दिलेल्या गोळीचे दुसऱ्या डॉक्टराने दिलेल्या गोळीशी पटत नाही हे सांगावयास जाणता माणूस जागेवर असावा लागतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रोग्याला समजावून सांगणे हे फार्मासिस्टाचे काम म्हणून लिहून ठेविले आहे. घोटणे गेले, सांगणे आले. सनद कशासाठी, याचे उत्तर आता या सांगण्यात शोधावयाचे आहे.

देवघेवीच्या त्या नियमाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. काळाने त्याचा मोहरा फिरविला. परदेशी पदवीधर आपल्या दाराशी येण्यापेक्षा आपलेच पदवीधर दुसऱ्यांच्या दाराशी अधिक जाऊ लागले, आणि तेथे त्यांना आपल्या चौदाव्या कलमासारखाच प्रश्न विचारला गेला: तुमचे शिक्षण पुरेसे आहे याची खात्री काय? अमेरिकेने परदेशी पदवीधरांसाठी स्वतंत्र परीक्षा ठेविली होती. ती उतरून पुणे-मुंबईचे कितीतरी तरुण तेथे सनदी झाले. पण जे १ जानेवारी २००३ पासून पदवी घेतील त्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे, अशी अट तेथे पडली, आणि आपली बी. फार्म. चार वर्षांची. एका तारखेने पुढच्या साऱ्या पदवीधरांना ते दार बंद झाले. आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेला थोरला भाऊ पात्र आणि पुढल्या वर्षीचा धाकटा अपात्र, दोघांची पुस्तके, प्राध्यापक आणि प्रयोगशाळा एकच, असा हा न्याय. २००८ साली आपल्या मंडळाने सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या समर्थनार्थ रोग्यांच्या सेवेची पुष्कळ कारणे दिली गेली आणि ती खोटी नाहीत. तथापि अमेरिकेच्या त्या तारखेचा त्यात काहीच वाटा नव्हता असे आम्हांस वाटत नाही. ही पदवी घेतलेली मुले आज इस्पितळांतून डॉक्टरांबरोबर खाटांमागून खाटा पाहत फिरतात, पण आपल्या इस्पितळांत त्यांच्यासाठी नेमकी जागा कोणती, याचे उत्तर अनेक ठिकाणी अजून तयार नाही.

बत्तिसाव्या कलमाची शेपटी इकडे वाढतच आहे. जम्मू-काश्मीरचा स्वतःचा फार्मसी कायदा विक्रम संवत २०११ चा, म्हणजे इसवी सन १९५५ चा होता. २०१९ साली त्या राज्याची पुनर्रचना झाली आणि तो कायदा गेला. त्याखाली नोंदलेल्या व पात्र ठरलेल्या माणसांना देशाच्या नोंदवहीत घेण्यासाठी २०२३ साली संसदेने बत्तीस-क हे नवे कलम घातले, आणि अर्ज करावयास त्यांना एक वर्षाची मुदत दिली.